आयर्लंडच्या जमीनदारांच्या दगडी भिंती आणि फाटकावरच्या देवड्या : 'दुष्काळी भिंत' नक्की कोणती?

लिफीकाठ (धागाकर्ती)

डब्लिनहून मेनूथला येताना लेक्सलिप मागे पडलं की उजव्या हाताला कार्टनची भिंत लागते. उभ्या माणसाला पलीकडचं काही दिसू नये एवढी उंच, मध्येच झाडांच्या मुळांनी पोट सुटलेली, मध्येच आयव्हीच्या वेलांनी झाकून गेलेली. फिट्झजेराल्ड घराण्याची, म्हणजे किल्डेरच्या अर्लची आणि पुढे लेन्स्टरच्या ड्यूकची ही खासगी जमीन. अकराशे एकर, आणि भोवती साधारण पाच मैल भिंत. आज आत हॉटेल आणि गोल्फचं मैदान आहे.

अशा भिंती आयर्लंडभर आहेत. कुळांना न देता जमीनदाराने स्वतःकडे राखलेली हवेली, बाग, रान आणि शेती, या सगळ्याला इकडे डमेन म्हणतात, आणि डमेनला भिंत हवीच. हरणं बाहेर जाऊ नयेत, लाकूड चोरीला जाऊ नये, आणि रस्त्यावरच्या माणसाची नजर हवेलीवर पडू नये. शेवटचं कारण सगळ्यात मोठं असावं असं मला वाटतं, कारण कित्येक ठिकाणी हवेलीजवळून जाणारा जुना रस्ताच उचलून लांब नेलेला आहे. रस्त्याचा खर्च जिल्ह्याच्या ग्रँड ज्यूरीने, म्हणजे स्थानिक पंचमंडळाने, मंजूर करायचा आणि ज्यूरीत बसणार जमीनदारच, त्यामुळे ते सोपं होतं. आधी रस्ता सरकवायचा, मग भिंत घालायची, आतून झाडांचा दाट पट्टा लावायचा.

आता मुद्द्यावर येते. कुठल्याही गावात अशा भिंतीबद्दल विचारलं की उत्तर ठरलेलं: "ही दुष्काळात बांधली." इंग्रजीत तर 'फॅमिन वॉल' हा शब्द पाट्यांवर आणि माहितीपत्रकांवर सर्रास सापडतो. त्यातून चित्र उभं राहतं ते असं, की १८४५ ते १८५२ च्या बटाट्याच्या दुष्काळात दयाळू जमीनदाराने उपाशी लोकांना काम द्यावं म्हणून भिंत बांधून घेतली. हे चित्र मला सरसकट मान्य नाही.

सरकारी दुष्काळी कामांचं पाहा. ऑगस्ट १८४६ च्या कायद्याने बोर्ड ऑफ वर्क्स या सरकारी बांधकाम खात्याच्या देखरेखीखाली कामं निघाली आणि मार्च १८४७ मध्ये त्यांवर ७ लाखांहून जास्त माणसं होती. पण एका माणसाच्या खासगी मालमत्तेचा फायदा होईल असं काम या पैशातून काढायचं नाही, असा नियम होता. पुढे शेतातलं पाणी काढण्याच्या चरांसारख्या कामांना थोडी सूट मिळाली, ती वेगळी. म्हणून सरकारी पैशाचे अवशेष आहेत ते रस्ते: डोंगरात चढून मध्येच संपणारे, कुठेच न जाणारे रस्ते. हवेलीभोवतीची भिंत या कामांत बसत नव्हती. ती जमीनदाराने स्वतःच्या खिशातून केली असली तरच.

काहींनी केली, हे खरं. बर नावाच्या गावी रॉस घराण्याने दुष्काळात शेकडो माणसांना गढीभोवतीच्या खंदकाच्या आणि तटाच्या कामावर लावलं होतं. पण कित्येक भिंती त्याच्या आधीच्या आहेत. काही तर आधीच्या एका वेगळ्या दुष्काळातल्या, जो आज बहुतेकांना ठाऊकच नसतो. १७३९ च्या डिसेंबरअखेर अशी थंडी पडली की जमिनीत साठवलेले बटाटे गोठून सडले. १७४०-४१ मध्ये, लोकसंख्येच्या प्रमाणात पाहिलं तर, पुढच्या मोठ्या दुष्काळाइतकीच माणसं मेली. त्या वेळी आमच्या शेजारच्या सेल्ब्रिजला, कासलटाउन हवेलीत, कॅथरीन कॉनोली नावाची विधवा होती. आयर्लंडच्या संसदेचा सभापती आणि देशातला सर्वांत श्रीमंत माणूस म्हणून गणला गेलेल्या विल्यम कॉनोलीची ही पत्नी. तिने गरिबांना काम म्हणून रिचर्ड कासल या वास्तुकाराकडून १४० फूट उंचीची कमानींची एक रचना उभी करवली. ती आजही कॉनोलीज फॉली म्हणून उभी आहे. उपयोग काहीही नाही. हवेलीच्या मागच्या खिडकीतून दिसते, एवढंच. १७४३ मध्ये लेक्सलिपला बाहेरून गोल जिना चढत गेलेलं धान्याचं कोठार बांधलं, ते मात्र कामाचं होतं.

तर भिंत कधीची हे कसं ओळखायचं? माझी पद्धत सांगते. आयर्लंडची सहा इंच-एक मैल मापाची पहिली मोजणी १८३०-४० च्या दशकांत झाली आणि तिचे नकाशे १८४६ पर्यंत निघाले. सरकारी नकाशा-संस्थेच्या संकेतस्थळावर ते फुकट पाहता येतात. त्यांत प्रत्येक डमेन ठिपक्यांनी करडं रंगवलेलं आहे. हद्दीची जाड रेघ, फाटकं, देवड्या, सगळं दिसतं. दुष्काळाआधीच्या नकाशात तुमच्या गावची भिंत असेल, तर ती १८४७ ची कशी असेल?

देवड्यांबद्दल थोडं. फाटकाशी राखणदाराचं घर असायचं. बाहेरून ग्रीक देऊळ किंवा छोटा किल्ला, आत दोन खोल्या. पुष्कळ ठिकाणी फाटकाच्या दोन्ही अंगांना एकेक खोली, सारख्या दिसाव्यात म्हणून. घर एकच, कुटुंब एकच. एका बाजूला चूल, दुसऱ्या बाजूला निजायचं, मधून मालकाची बग्गी जाणार. पावसात मुलांना जेवायला रस्ता ओलांडून जावं लागत असणार. खिडकी भिंतीबाहेर थोडी पुढे काढलेली असते, दोन्ही दिशांनी येणारी गाडी आतून दिसावी म्हणून. गाडी दिसली की हातातलं टाकून धावायचं. हे काम पुष्कळदा घरातल्या बाईकडे असे.

आपल्यापैकी कोणी अशा भिंती जवळून पाहिल्या असतील, त्यांची दुरुस्ती केली असेल, किंवा आपल्याकडच्या दुष्काळी कामांची माहिती असेल, तर जरूर लिहा.

वाचकमात्र

वाचनखूण साठवली. दोन खोल्यांच्या देवडीचं ठाऊक नव्हतं. आता तिथली चित्रं पाहताना आधी तेच दिसणार.

माणदेशी

ताई, लेख आवडला. आमच्याकडचं सांगतो.

म्हसवडजवळचा राजेवाडीचा तलाव हे १८७६ च्या दुष्काळातलं काम. नीरेचा डावा कालवाही त्याच दुष्काळात हाती घेतला. आमच्या भागात आजही त्या तलावाच्या पाण्यावर शेती होते. तेव्हा राबलेल्या माणसाला काय मिळालं हा वेगळा प्रश्न, पण त्याच्या पणतवंडाच्या उसाला पाणी मिळालं. तुमच्या त्या १४० फुटी कमानीखाली आज काय पिकतं?

बहात्तरच्या दुष्काळात माझी आजी रस्त्याच्या कामावर खडी फोडायला होती. बोटांना चिंध्या गुंडाळायच्या, डाव्या हाताने दगड धरायचा, उजव्याने हातोडी. खडीचा ढीग लावायचा आणि मुकादम ब्रासवर मोजायचा. ढीग आतून पोकळ तर नाही ना, म्हणून तो पायाने दाबून बघायचा. कामावर सुकडी मिळायची, आणि रेशनला ती लाल मिलो ज्वारी. आजीचं म्हणणं असं की भुकेपेक्षा त्या मोजणीचीच भीती जास्त वाटायची. त्यातूनच पुढे रोजगार हमीचा कायदा आला, १९७७ चा, १९७९ पासून लागू. काम मागणं हा हक्क झाला. तिकडे मजुरी कशी मोजायचे?

लिफीकाठ

माणदेशी, तुमच्या आजीने सांगितलं तेच इथेही घडलं. सुरुवातीला रोजंदारी होती, दिवसाला आठ-दहा पेन्स. मग सरकारला वाटलं की लोक कामचुकारपणा करतात, म्हणून कामाच्या मापावर पैसे देणं सुरू केलं. ज्याच्या अंगात बळ होतं तो थोडं कमवू शकला. ज्याच्यासाठी ही कामं काढली, तो उपाशी आणि तापाने खंगलेला माणूस कमवू शकला नाही. त्यातच १८४६-४७ चा हिवाळा फार कडक होता. बर्फात बायका आणि पोरं दगड फोडत होती, आणि मक्याच्या पिठाचा भाव मजुरीच्या पुढे पळत होता. शेवटी १८४७ च्या वसंतात सरकारने ही कामं आवरती घेतली आणि सूपची केंद्रं काढली. त्या जुलैमध्ये रोज ३० लाख माणसं त्या सूपवर होती. म्हणजे फुकट अन्न देता येत होतं, दिलं तेव्हा माणसं जगली. मग आधीच्या हिवाळ्यात त्यांच्याकडून दगड का फोडून घेतले, हा प्रश्न मला सोडत नाही.

आपला संबंधही आहे. या सगळ्यावर लंडनच्या ट्रेझरीतून देखरेख करणारा चार्ल्स ट्रेव्हेल्यन आधी बंगालच्या सनदी सेवेत होता, आणि १८५९ मध्ये मद्रासचा गव्हर्नर होऊन हिंदुस्थानात परतला. राजेवाडीच्या दुष्काळात तर सरकारने पाहणीला पाठवलेल्या रिचर्ड टेंपलने मजुरी दिवसाला एक पौंड धान्य आणि वर थोडे पैसे एवढ्यावर आणली होती. तेव्हा १८७७ मध्ये मुंबई इलाख्यातल्या मजुरांनी कामं सोडून दिली आणि पुण्याची सार्वजनिक सभा त्यांच्या बाजूने लिहीत राहिली. भुकेल्या माणसाला आधी कामाने पारखायचं, मग खायला द्यायचं, ही एकच समजूत दोन्हीकडे दिसते.

चुनखडी

मी जुन्या वाड्यांच्या आणि तटबंद्यांच्या दुरुस्तीचं काम करतो, त्यातला काही काळ आयर्लंडच्या मिडलँड्स म्हणजे मधल्या भागात गेला. भिंतीच्या पोटात काय असतं ते सांगतो.

ही भिंत म्हणजे खरं तर दोन भिंती. बाहेरचा एक पदर, आतला एक पदर, आणि मध्ये चिपांचा आणि चुन्याचा भरणा. दर थोड्या अंतरावर एक लांब दगड आरपार घातलेला असतो, तो दोन्ही पदरांना धरून ठेवतो. गवंड्याने ते आरपार दगड घालायचे टाळले असतील तर शंभर वर्षांनी पदर सुटतो आणि भिंतीला पोट येतं. ताईंनी कार्टनला जे पाहिलं ते फक्त मुळांमुळे असेल असं नाही. वरून पाणी शिरून आतला चुना धुऊन गेला की भरणा खाली बसतो आणि पाचरीसारखा दोन्ही पदरांना बाहेर ढकलतो. म्हणून सगळा जीव माथ्यावरच्या दगडांत. माथा शाबूत तर भिंत शाबूत.

मिडलँड्सचा दगड चुनखडीचा. शेतातून निघालेला डबर, जवळच खाण, आणि तोच दगड भट्टीत भाजून कळीचा चुना. बाहेरून जवळजवळ काहीच आणावं लागत नसे. मोठी डमेनं स्वतःच्या चुनाभट्ट्या बाळगून होती.

भिंतीचं वय ओळखायला नकाशा चांगलाच आहे, पण भिंतीकडेही नीट पाहा. पुष्कळ ठिकाणी कमरेच्या किंवा छातीच्या उंचीवर आडवी रेघ दिसते, उभे लावलेले चपटे दगड ओळीने. तो जुना माथा. त्याच्यावर नंतर कोणीतरी चार-पाच फूट चढवलेत. खालचं काम मोठ्या दगडांचं, निवांत केलेलं. वरचं बारीक दगडांचं, घाईचं, दरजा रुंद. नकाशावर दोन्हींची रेघ एकच. भिंत होती का, हे नकाशा सांगतो. ती केवढी उंच होती, हे नाही.

गॉलवेचा पाऊस

चुनखडी यांनी माझं काम सोपं केलं. लिफीकाठ, तुमच्या नकाशाच्या कसोटीवर माझा आक्षेप तोच आहे. १९३७ ते १९३९ मध्ये इथल्या प्राथमिक शाळांतल्या मुलांनी घरातल्या म्हाताऱ्यांकडून गोष्टी ऐकून वह्यांत उतरवल्या होत्या. तो सगळा संग्रह आता संकेतस्थळावर आहे. त्यात दुष्काळातल्या कामांच्या, भिंतींच्या, दिवसाच्या चार पेन्सच्या आठवणी गावोगावच्या आहेत. ज्यांच्या आज्यांनी तो काळ पाहिला, त्या माणसांनी सांगितलेलं हे. नकाशात रेघ दिसली म्हणून ते खोटं ठरवायचं? भिंत १८१० ची असेल, पण १८४७ मध्ये तिच्यावर चार फूट चढवले असतील. गाव ते चार फूट लक्षात ठेवतं, आणि ते बरोबरच आहे.

दुसरं, दयाळू जमीनदाराच्या चित्राबद्दल तुम्ही म्हणता ते पटतं, पण तुम्ही थोडं सौम्य लिहिलंत. आमच्या गॉलवेत कूल पार्क आहे. आज ते राखीव रान आहे, हवेली १९४१ मध्ये पाडली, पण बागेची उंच भिंत उभी आहे आणि लोक तिथे जुनं झाड पाहायला जातात, ज्याच्या खोडावर आयरिश लेखकांनी आपली आद्याक्षरं कोरली आहेत. तिथला विल्यम ग्रेगरी १८४७ मध्ये संसदेत होता. त्याने मदतीच्या कायद्यात एक कलम घातलं: पाव एकरापेक्षा जास्त जमीन ज्याच्या ताब्यात आहे त्याला मदत नाही. मदत हवी तर जमीन सोड. जमीन सोडली की झोपडी गेली, झोपडी गेली की गाव गेलं. आणि ज्याच्या जमिनीचं मोल चार पौंडांच्या आत, त्या कुळाचा गरीब-कर (गरिबांच्या मदतीसाठीचा कर) जमीनदारावर पडत असल्यामुळे छोट्या कुळाला हाकलणं त्याला फायद्याचंच होतं. १८४१ ला इथे ८१ लाखांवर माणसं होती, १८५१ ला साडेपासष्ट लाख. भिंतीच्या आत कामाला किती होते हे मोजताना बाहेरून किती हाकलले तेही मोजायला हवं.

लिफीकाठ

गॉलवेचा पाऊस, ग्रेगरीचं कलम तुम्ही आणलंत हे फार बरं केलंत. आठवणी खोट्या आहेत असं मी म्हणणार नाही. माझा राग आहे तो पाटीवरच्या चार शब्दांवर. 'दुष्काळ निवारणार्थ बांधलेली भिंत' एवढंच लिहिलं की बांधणाऱ्याचं नाव होतं आणि दगड उचलणाऱ्याची मजुरी, तिचं माप, त्याचं गेलेलं घर, काहीच उरत नाही. वर्ष शोधायचं ते यासाठी. १७४१ की १८४७, आणि पैसे सरकारचे की खासगी, हे कळलं की कोणी कोणासाठी राबलं हे विचारता येतं. रॉसकॉमनमध्ये स्ट्रोक्सटाउनला हे नीट केलं आहे. तिथला जमीनदार डेनिस मेहन याने १८४७ मध्ये कुळांतली हजाराहून जास्त माणसं स्वतःच्या खर्चाने जहाजांवर चढवून कॅनडातल्या क्वेबेकला धाडली, त्यांतली फार मोठी संख्या वाटेत आणि पोचल्यावर मेली, आणि त्याच वर्षी २ नोव्हेंबरला त्याचा गोळी घालून खून झाला. आज त्याच हवेलीच्या आवारात राष्ट्रीय दुष्काळ संग्रहालय आहे. गावाच्या रुंद रस्त्याच्या टोकाला हवेलीची कमान आहे, तिच्यातूनच आत जायचं. ज्यांना हाकललं त्यांची कागदपत्रं हवेलीच्या कचेरीत सापडली होती, ती तिथे मांडलेली आहेत.

भटकी

देवड्यांसाठी एक ठिकाण सांगते, वॉटरफर्डमध्ये लिस्मोरपासून थोड्या अंतरावर. बॅलिसॅगार्टमोर. रानातली पायवाट, कोणीही जाऊ शकतं, तिकीट नाही. झाडीतून चालता चालता समोर कमान, बुरूज, टोकदार खिडक्या, दोन्ही बाजूंना देवड्या. पुढे ओढ्यावर पूल, आणि पुलाच्या दोन्ही टोकांना पुन्हा बुरूज. एखाद्या राजवाड्याकडे निघाल्यासारखं वाटतं, आणि पुढे राजवाडाच नाही.

आर्थर काइली नावाच्या जमीनदाराने, ज्याने पुढे अशर हे आडनाव घेतलं, १८३४ च्या सुमारास हे बांधलं. लोक सांगतात की भावाने स्ट्रॅनकॅली येथे किल्ल्यासारखी हवेली बांधली ती पाहून याच्या बायकोला त्याहून मोठी हवी होती. फाटकापासून सुरुवात केली आणि पैसे फाटकावरच संपले. कुटुंब जुन्याच साध्या घरात राहिलं. दुष्काळात या माणसाने कुळांना हाकलून त्यांची घरं पाडली, त्यासाठी त्या भागात त्याचं नाव आजही घेतलं जातं. दगडाची कोरीवकामं इतकी रेखीव आहेत की मी देवडीच्या खिडकीच्या चौकटीवरून बराच वेळ हात फिरवत होते. आत शेवाळ, छप्पर नाही, आणि चुलीची जागा तेवढी ओळखू येते.

वाचकमात्र

मग या भिंती आता कोणाच्या? इस्टेटी तर मोडल्या ना?

लिफीकाठ

मोडल्या. १९०३ च्या विंडहॅम कायद्याने कुळांना जमिनी विकत घेता आल्या, पुढे लँड कमिशन या सरकारी जमीन-वाटप खात्याने डमेनंही फोडून वाटली. १९१९ ते १९२३ मध्ये पावणेतीनशेच्या आसपास हवेल्या जळाल्या. भिंत मात्र कोणी जाळत नाही. आता तिचा एक तुकडा शेतकऱ्याचा, एक नगरपरिषदेचा, एक नव्या वसाहतीतल्या दहा घरांच्या परसांचा. दहा मालक, भिंत एक, म्हणून दुरुस्ती रेंगाळते. देवड्यांचं थोडं बरं आहे. कासलटाउनच्या दोन, त्यातली एक गॉथिक नक्षीची, आयरिश लँडमार्क ट्रस्टने दुरुस्त करून मुक्कामाला द्यायला सुरुवात केली आहे.

कोर्कवाली

अगदी माझाच प्रश्न! आमच्या परसाची मागची बाजू म्हणजे अशीच एका जुन्या डमेनची भिंत आहे. आयव्ही खूप वाढलीय आणि दोन-चार दगड खाली आलेत. ज्याला दाखवलं तो गवंडी म्हणाला आयव्ही ओढून काढू, सिमेंटने दरजा भरून देतो. करू का?

चुनखडी

नका करू, ताई. सिमेंट बिलकुल नको. या भिंतीत पाणी शिरतं आणि चुन्याच्या दरजांतून बाहेरही पडतं. दरजा सिमेंटने बंद केल्या की पाणी दगडातच अडकतं, हिवाळ्यात गोठतं, आणि दगडाचे पापुद्रे निघायला लागतात. दहा वर्षांनी सिमेंटची जाळी तेवढी पुढे आलेली आणि मधले दगड आत खाल्लेले, असं दिसतं. आपल्याकडे काळ्या पाषाणात हे इतक्या लवकर कळत नाही, आणि गोठणारी थंडीही नाही, म्हणून लोक सिमेंट वापरून मोकळे होतात. तिकडे तसं चालणार नाही.

आयव्ही ओढू नका, ओढली की दगड घेऊनच येते. जमिनीपासून हातभर वर खोड कापा, एक तुकडा काढून टाका, आणि वरची वेल वाळू द्या. वर्ष-दीड वर्ष लागेल. नंतर ती हलक्या हाताने सुटते. मार्च ते ऑगस्ट पक्ष्यांची विण असते, तेव्हा हात लावू नका.

पडलेले दगड फेकू नका, भिंतीच्या पायाशी जसे पडलेत तसे ठेवा, माथ्याचे चपटे दगड वेगळे काढा. मग कौन्सिलच्या संरक्षित वास्तूंच्या यादीत तुमची भिंत आहे का ते पाहा. हवेली यादीत असेल तर तिच्या आवाराची भिंतही त्यात मोडू शकते. यादीत असेल तर कौन्सिलला तुम्ही लेखी विचारू शकता की कोणत्या कामाला परवानगी लागेल आणि कोणत्याला नाही. चुन्याचं काम एप्रिलनंतर धरा आणि ऑक्टोबरच्या आत संपवा, ओला चुना थंडीत सापडला तर सगळं काम भुसभुशीत होतं. गवंडी निवडताना त्याला एकच विचारा: आधी चुन्यात काम केलेली भिंत दाखव, दोन हिवाळे काढलेली.

कोर्कवाली

धन्यवाद. यादी पाहते आणि कौन्सिलला आजच लिहिते. तोवर आयव्हीचं खोड तेवढं सप्टेंबरात कापीन.

माणदेशी

ताई, कोर्कच्या त्या भिंतीत चुनखडी म्हणतात तशी आडवी रेघ दिसते का तेही बघा, आणि दिसली तर फोटो इथे टाका. नकाशातलं पान मी शोधून देतो.